भुऱ्याची दुपारची नोंद

भुऱ्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं तेव्हा प्राण्यांच्या त्या दवाखान्यात भरपूर गर्दी होती, त्यामुळे झाकून ठेवण्यासारखं काही उरलंच नाही. भुऱ्या हा टपालमास्तरांचा कुत्रा. मास्तर निवृत्त, बायको गेलेली, मुलगी लांब. घरात बोलायला हा एकच. त्याचा कान पुन्हा चिघळला म्हणून ते त्याला घेऊन आले. दवाखान्यात नुकत्याच लागलेल्या नव्या डॉक्टरने कॉम्प्युटरवर त्याची जुनी माहिती चाळली, कुठे वावगं दिसलं नाही, म्हणून इंजेक्शन दिलं. मास्तर पट्टा हातात घेऊन उठतात न उठतात तोच कुत्रा धापा टाकायला लागला, डोळे बारीक झाले, ओठ लोंबले आणि तो जागच्या जागी बसला.

मोठ्या डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या. त्यांनी उतारा दिला, ऑक्सिजन लावला, आणि बऱ्याच वेळाने भुऱ्याने शेपटीचं टोक हलवलं. मास्तरांचा बांध तेव्हा फुटला.

"मागच्या खेपेलाही याच औषधाने असं झालं होतं! तुम्हीच म्हणालात, हे परत कधी द्यायचं नाही, नोंद करून ठेवते म्हणून!"

डॉक्टरीणबाईंना ते लख्ख आठवत होतं. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी शब्द न् शब्द सांगितला होता. कॉम्प्युटरमध्ये मात्र त्यातलं अक्षरही नव्हतं.

काउंटरवरची ती मुलगी म्हणजे एका घरातल्या दोन जावांपैकी धाकटी. आणि दवाखान्याचं सॉफ्टवेअर होतं थोरलीच्या कंपनीचं. कंपनी म्हणजे काय, एका खोलीत चार खुर्च्या; पण त्यातली एक थोरलीची आणि दवाखान्याचं काम तिच्या गळ्यात. धाकटीला तिथे चिकटवलं होतं तेही तिनेच. "घरात बसून कंटाळतेस, जा, तुला जनावरं आवडतात," असं म्हणून. त्यामुळे डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा दोन्ही बाजूंनी तिचीच मान अडकलेली होती.

"हे बघ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक तर तुझं यंत्र खोटं बोलतंय, नाहीतर तुझी जाऊ. तिसरं काही मला दिसत नाही. तू ये आणि काय ते ठरव."

थोरली गेली. धाकटी काउंटरमागे उभी होती, नाक लाल, पण आवाज ठाम.

"ताई, मी भरली होती ती नोंद. मॅडमनी सांगितली तशी. सेव्ह दाबलं, हिरवी खूण आली. खूण आल्याशिवाय मी पुढे जातच नाही."

"नक्की आली होती?"

"म्हणजे काय? डोळे आहेत ना मला!"

डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "एकट्या भुऱ्याचं असतं तर सोडून दिलं असतं. पण मी मागचं आठवत बसले. तो शिंप्याचा ससा, त्याचं वजन नाही. ती लंगडी मांजर, टाके घातल्याचं नाही. तेव्हा मला वाटलं, राहिलं असेल गडबडीत. आता वाटतं, किती राहिलं असेल?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "कोपऱ्यावर नवा दवाखाना निघालाय, माहीत आहे ना? माझी दोन-तीन घरं तिकडे गेलीत. इथलंच कुणी त्यांना आतून मिळालेलं असलं तर? मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव न घेताही ते कुणाचं होतं हे तिघींना कळलं. धाकटी वळली आणि पिंजरे पुसायला आत निघून गेली.

थोरलीने तिथेच बसून दहा-बारा खोट्या नोंदी भरल्या. एकीत हत्ती आणला, एकीत पोपट, एकीत स्वतःचे सासरे. वाटेल ते नाव, वाटेल तो फोन नंबर. सगळ्या सेव्ह झाल्या, सगळ्या डेटाबेसमध्ये जाऊन मुकाट बसल्या. सर्व्हरचा लॉग पाहिला, म्हणजे यंत्र स्वतःच दिवसभराचं काय काय झालं ते लिहून ठेवतं ती फाइल. एररचा मागमूस नाही. तिने दाढीवाल्याला फोन लावला. तो तिच्या कंपनीतला भागीदार, जुन्या कोडचा अर्धा भाग त्याच्या हातचा.

"एरर नाही ना? मग झालं," तो म्हणाला. "मशीनवर बसणाऱ्याची चूक. फॉर्म भरतात, कुणीतरी हाक मारतं, उठून जातात, आणि नंतर शपथेवर सांगतात, सेव्ह केलं होतं. शंभरदा पाहिलंय मी."

"ती माझी जाऊ आहे."

"मग तर तूच विचार तिला घरी," असं म्हणून त्याने काखा वर केल्या.

खरी पाल चुकचुकली ती ऑफिसात परत आल्यावर. प्रत्येक नोंदीला डेटाबेस आपणहून एक क्रमांक देतो, ओळीने. थोरलीने ते क्रमांक वरपासून खालपर्यंत पाहिले, तर मधेच एखादा गळालेला. पुढे आणखी एक. कुठे दोन दिवस काही नाही, कुठे एकाच दिवसात दोन. नोंद झालीच नसती तर क्रमांकही गेला नसता, असं तिच्या मनाने घेतलं. म्हणजे नोंद होती. म्हणजे कुणीतरी ती काढली. आणि प्रोग्राममधून काढली असती तर तशी खूण राहिली असती, ती नव्हती. डेटाबेसमध्ये थेट हात घालूनच हे करता आलं असतं, आणि तिथली किल्ली दोघांकडेच: दाढीवाल्याकडे आणि तिच्याकडे.

तिच्याकडे म्हणजे तिच्या लॅपटॉपमध्ये. आणि लॅपटॉप संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर सताड उघडा पडलेला असायचा. दीर त्यावर मॅचचा स्कोअर बघायचे, सासूबाई भजनं लावायच्या, धाकटी भाजी चिरता चिरता सिनेमा बघायची.

त्या दिवशी घरी जाताना तिला रस्ता दिसला नाही, नुसती धाकटीच दिसत राहिली. धाकटीला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? फार नाही. पण कळणारं कुणी फोनवर सांगत असेल तर? आणि फोन तर हल्ली तिच्या कानापासून सुटतच नव्हता. गच्चीवर कपडे काढायला म्हणून जायची आणि कठड्याला टेकून हळू आवाजात बोलत राहायची. थोरली वर आली की "बरं, करते नंतर" म्हणून बंद. आठवड्यातून एखादा दिवस उशिरा यायची, विचारलं तर "काम होतं". दवाखान्यात विचारावं तर डॉक्टरीणबाई म्हणायच्या, वेळेवर गेली. एरवी ह्या गोष्टी थोरलीच्या खिजगणतीतही नव्हत्या. आता एकेक उचलून ती उजेडात धरून पाहू लागली, आणि तशी पाहिली तर प्रत्येकीत काहीतरी दिसत होतं.

घरी पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते लॅपटॉपचा पासवर्ड बदलण्याचं. जेवताना दीर म्हणाले, "वहिनी, उघडत नाहीये हा."

"ऑफिसचा नियम आलाय नवा. घरच्यांनी वापरायचा नाही."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "आता डब्यांनाही कुलपं लावायची का?"

सगळे हसले. धाकटी हसली नाही. तिने थोरलीकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि नंतर जेवण होईपर्यंत मान वर केली नाही. थोरलीच्या मनात आलं, बघ, हिला कळलं. आणि लगेच दुसरं आलं, कळणारच, मी काय तिच्या जागी मठ्ठ असते?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून तिने जे केलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्याच्या प्रोग्राममध्ये तिने एक गुपचूप पहारेकरी बसवला. काउंटरवरच्या मशीनवर नोंदीच्या फॉर्ममध्ये कुठल्या चौकटीत काय टाइप झालं, काय खोडलं, सेव्हचं बटण कधी दाबलं, हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये जमा होणार आणि ती फाइल फक्त तिला दिसणार. करताना नवऱ्याला सांगावं असंही वाटलं. पण सांगितलं तर तो भावाला सांगणार, भाऊ बायकोला, आणि मग पहाऱ्याला अर्थच राहणार नाही. कामाचाच भाग आहे, असं स्वतःला बजावून तिने ते चालू केलं.

पुढचे काही दिवस तिने आपल्या जावेला असं पाहिलं जसं कुणी कुणाला पाहू नये. धाकटी "कुत्रा"मधला "त्र" लिहिताना दरवेळी चुकायची आणि खोडून पुन्हा लिहायची. मालक बोलत बसला की ती शेरा लिहायच्या चौकटीत उगाच टिंबं देत राहायची आणि मग ती पुसायची. एका म्हाताऱ्या बोक्याच्या नोंदीत तिने लिहिलं होतं, "फार घाबरतो, मांडीवर घेऊन तपासा." हे लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक नोंद शेवटपर्यंत भरलेली, प्रत्येकीनंतर सेव्ह दाबलेलं, प्रत्येकीला सर्व्हरने उत्तर दिलेलं: ठीक.

आणि तरीही त्यातल्या काही डेटाबेसमध्ये नव्हत्या.

थोरलीने फाइल दोनदा वाचली. धाकटी खोटं बोलत नव्हती. जीव भांड्यात पडायला हवा होता, आणि थोडा पडलाही. पण त्याबरोबर कान असे गरम झाले की तिने उठून तोंडावर पाणी मारलं. गळालेल्या नोंदींचा आता मजकूर तरी हातात होता. कुत्रा, मांजर, कासव, सकाळची, दुपारची. माशी नेमकी कुठे शिंकतेय ते तिला काही उमगेना. शेवटी तिने लॅपटॉप उचलला आणि दवाखाना गाठला.

"कशाला आलात?" धाकटीने विचारलं. तो "ताई" गळला होता.

"शेजारी बसते. तू भर, मी बघते."

"बघा की. सगळेच बघताहेत."

थोरली स्टुलावर बसली, मांडीवर डेटाबेस उघडा. एक पोपट आला, नोंद झाली, डेटाबेसमध्ये उतरली. एक कुत्री आली, तीही उतरली. मग एक बाई आली, एकाच टोपलीत दोन मांजरी घेऊन, एक काजळ, एक कापूस. दोघींना तपासलं, दोघींचं वजन झालं. काजळ टोपलीत आणि कापूस बाईच्या खांद्यावर. धाकटीने काजळची नोंद भरली, सेव्ह दाबलं, हिरवी खूण. कापूसची भरली, सेव्ह, हिरवी खूण.

थोरलीच्या मांडीवर एकच मांजर होती.

"थांब," ती म्हणाली. "कापूसची पुन्हा भर."

धाकटीने भरली. हिरवी खूण. डेटाबेसमध्ये काजळ, एकटी.

"आता फोन नंबराचा शेवटचा आकडा बदलून भर."

"खोटा नंबर टाकू?"

"टाक गं!"

धाकटीने टाकला. आणि कापूस आली. डेटाबेसमध्ये काजळच्या खाली टुणकन येऊन बसली. दोघी जावा स्क्रीनकडे बघत राहिल्या, आणि मांजरांची मालकीण त्या दोघींकडे.

थोरलीने तिथल्या तिथे कोड उघडला. ती जागा सापडायला मग वेळ लागला नाही. एक फोन नंबर, एक तारीख, यांची नोंद आधीच असेल तर नवी आलेली दुसरी नोंद म्हणजे चुकून झालेली पुनरावृत्ती समजायची, आणि तक्रार न करता सोडून द्यायची, असा नियम तिथे कुणीतरी लिहून ठेवला होता. डेटाबेस दुसऱ्या नोंदीला क्रमांक द्यायचा, मग नियम आठवून ती टाकून द्यायचा, आणि क्रमांक वाया जायचा. कुणी काही काढलंच नव्हतं. डेटाबेसने आरडाओरडा केला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून प्रोग्राम खूण दाखवायचा. थोरलीच्या दहा-बारा खोट्या नोंदी जगल्या कारण प्रत्येकीला तिने वेगळा नंबर ठोकून दिला होता.

तिने दाढीवाल्याला फोन लावला आणि नियम वाचून दाखवला. त्याने तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

"हो, माझाच तो," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईच मागे लागल्या होत्या. मशीन हळू चालायचं तेव्हा एकच जनावर दोनदा चढायचं. 'डबल नोंदी बंद करा' म्हणाल्या, मी बंद केल्या. घाईत होतो. पण एकाच दिवशी एका घरची दोन जनावरं... हे नाही आलं डोक्यात."

"दोन जनावरंच नाहीत," थोरली म्हणाली आणि बोलता बोलताच तिला ते दिसलं. "भुऱ्या एकटाच आहे. पण मागच्या खेपेला तो एकाच दिवशी दोनदा आला होता. सकाळी इंजेक्शनला, ती नोंद आहे; आणि दुपारी तोंड सुजल्यावर, ती नाही."

म्हणजे जे जनावर औषध घेऊन घरी गेलं आणि त्याच दिवशी बिघडून परत आलं, त्याचीच दुसरी नोंद हा नियम न चुकता गिळत होता. जी हमखास राहायला हवी तीच. सशाचं वजन, मांजरीचे टाके, सगळ्या त्याच दिवशीच्या दुसऱ्या नोंदी.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. स्वतःची सूचना ऐकताना त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "मुली, माझं चुकलं. मी भलतंच मनात आणलं." आणि मान हलवत थोरलीला म्हणाल्या, "पण कमाल आहे तुझी. मला वाटत होतं ही बटण दाबतच नसेल. तुझी एवढी खात्री कशी पटली, की ही रोज व्यवस्थित दाबत होती?"

थोरलीला काहीतरी थातुरमातुर सांगता आलं असतं. पण धाकटी समोर उभी होती, आणि गेल्या काही दिवसांत तिच्यापासून लपवायचं ते पुरेसं लपवून झालं होतं.

"मी मशीनवर पहारा बसवला होता," ती म्हणाली. "ही फॉर्ममध्ये काय टाइप करते ते मला दिसत होतं. सगळं. त्यावरूनच कळलं."

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"भुऱ्याला त्रास झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

धाकटीने मान डोलावली, जणू कुणी पत्ता सांगितला आणि तिला तो समजला. तिने काउंटरवरची कापूसची फाइल नीट लावली, टोपलीवाल्या बाईला "या हं" म्हटलं आणि पर्स उचलून घरी गेली. तिची वेळ संपायला अजून अवकाश होता, पण डॉक्टरीणबाईंनी तिला अडवलं नाही.

थोरली घरी आली तेव्हा ती गच्चीवर होती. कपडे दोरीवरच होते.

"मी चुकले," थोरली म्हणाली.

"तुमचं काम होतं ते. त्याचा मला राग नाही." धाकटी कठड्यापलीकडे बघत होती. "मॅडम परक्या. त्यांनी संशय घेतला, मी रडले आणि विसरले. तुम्ही जेवायला माझ्या शेजारी बसत होतात, ताई. मला भाजी वाढत होतात. आणि ऑफिसात जाऊन माझी बोटं मोजत होतात."

"मला वाटलं..." थोरली थांबली. मग म्हणाली, "तू फोनवर चोरून बोलायचीस. उशिरा यायचीस. मला काय वाटणार?"

"विचारायचं ना मग!"

"तू सांगितलं असतंस?"

धाकटीने एक शर्ट दोरीवरून काढला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"नसतं सांगितलं," ती म्हणाली. "जागा बघत होतो आम्ही. वेगळं राहायला. आईंना कसं सांगायचं ते कळत नव्हतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मधे अडकला असतात. त्या दिवशी तुम्ही लॅपटॉपला कुलूप लावलंत ना, मला वाटलं, तुम्हाला जागेचंच कळलं. म्हणून मी मान वर करत नव्हते."

थोरलीला हसू आलं, पण ते वर येईपर्यंत रडू झालं. दोघींनी मिळून दोरीवरचे उरलेले कपडे काढले. काढताना बोलणं झालं ते एवढंच, की चादरीचं ते टोक धर.

पुढचा आठवडा दोघींनी दवाखान्यात एकमेकींशेजारी बसून काढला. नियम काढून टाकला होता. नोंद झाली नाही तर प्रोग्राम आता लाल अक्षरांत तसं सांगत होता. पण गळालेलं परत आणायचं तर माणसांनाच विचारायला हवं होतं. धाकटी एकेका घरी फोन करायची. "मागच्या महिन्यात तुम्ही दोन भाऊभाऊ कुत्रे आणलेत ना, दुसऱ्याला काय दिलं होतं आठवतं का?" तिला बरीच नावं पाठ होती. टपालमास्तर तर फोनवर न सांगता स्वतः येऊन बसले, भुऱ्याला घेऊन, आणि ते औषधाचं नाव स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटेपर्यंत हलले नाहीत.

शेवटच्या दिवशी काम आटोपल्यावर धाकटीने विचारलं, "तो पहारा काढलात?"

"त्याच संध्याकाळी काढला."

"मला कसं कळणार?"

थोरलीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला, जिथे तो कोड होता ती जागा दाखवली, आधी काय होतं आणि आता काय आहे ते समजावून सांगितलं. धाकटीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मला यातलं काही वाचता येत नाही. तुम्ही म्हणताय म्हणून मानते."

"मान."

"मानते म्हटलं ना," धाकटी म्हणाली आणि कॉम्प्युटर बंद करायला वाकली.

महिन्याभराने धाकटी आणि तिचा नवरा दोन खोल्यांच्या जागेत राहायला गेले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच पडदे शिवायला बसल्या. सामान हलवायला थोरलीने रजा काढली, डबे कागदात गुंडाळले, आणि टेम्पो सुटल्यावर मागे सामानात धाकटीच्या शेजारी बसून तिच्या मोठ्या आरशाची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली, कारण दोघींपैकी कुणालाच तो आरसा नुसत्या दोरीच्या भरवशावर सोडायचा धीर होत नव्हता.